इंद्रियांपासून आकलनापर्यंत : काय टिकले, काय गळाले

२०२४ च्या अखेरीस कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जिएयू झेंग आणि मार्कस माइस्टर यांनी ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात एक चक्रावून टाकणारा हिशेब मांडला. माणसाची ज्ञानेंद्रिये सेकंदाला साधारण १०० कोटी बिट एवढी माहिती गोळा करतात. टंकलेखन करणारा, व्हिडिओ गेम खेळणारा किंवा डोळे बांधून रुबिक क्यूब सोडवणारा माणूस मात्र प्रत्यक्षात सेकंदाला १० बिटच्या आसपासच माहिती हाताळतो. आत येणारे आणि कामी लागणारे यांत दहा कोटी पटींची तफावत! हे मोजमाप कसे करावे यावर मतभेद होतील, आकडे थोडे मागेपुढेही होतील. पण तफावत प्रचंड आहे यावर दुमत होण्याचे कारण नाही. मग उरलेले जाते कुठे? कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवतो कोण? आणि एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर आपल्याला जग इतके भरगच्च आणि सलग कसे दिसते?

या प्रश्नांवर गेल्या सुमारे दोनशे वर्षांत प्रयोगांचा डोंगर उभा राहिला आहे. तो चाळताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जिथे आपल्याला पत्ताही लागत नाही, तिथे इंद्रियांचा माहितीवरचा प्रभाव सर्वांत मोठा असतो. आणि ज्या प्रभावांचा लोकांत सर्वाधिक गाजावाजा झाला, त्यांतले बरेचसे फेरतपासणीत टिकले नाहीत.

पहिली चाळणी शरीरातच

डोळ्याला दिसणारा प्रकाश म्हणजे साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा एक अरुंद पट्टा. मधमाशीला त्यापलीकडचे अतिनील किरण दिसतात, आपल्याला नाही. कानाची हद्द तरुणपणी २० ते २०,००० हर्ट्झ असते आणि वयाबरोबर वरून घटत जाते. वटवाघळांचा बहुतेक व्यवहार या हद्दीच्या वरच चालतो, त्यामुळे आपल्या लेखी तो नसल्यातच जमा. निवड सुरू होते ती इथूनच, मेंदूचा संबंध येण्याच्याही आधी.

हद्दीच्या आतही काटछाट चालूच राहते. एका डोळ्याच्या दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात जेमतेम दहा-बारा लाख. एवढ्या पेशींची नोंद जशीच्या तशी पुढे पाठवणे शक्यच नाही. म्हणून दृष्टिपटल मुख्यतः फरक कळवते. कडा कुठे आहे, उजेड कुठे बदलला, काय हलले, याला प्राधान्य मिळते आणि एकसारख्या भिंतीची वर्दी थोडक्यात आटोपली जाते. बारीक तपशील दिसतो तोही फक्त मधल्या छोट्या भागात. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर जवळपास तेवढाच टापू आपल्याला खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसत असतो. डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत हा ठिपका सगळीकडे फिरवतात, आणि आपल्याला वाटते की समोरचे सगळेच एकदम लख्ख दिसते आहे.

फरक मोजण्याची ही सवय सगळ्याच इंद्रियांना आहे. १८३४ मध्ये एर्न्स्ट वेबर यांनी वजने उचलायला लावून ती दाखवली आणि १८६० मध्ये गुस्टाव्ह फेश्नर यांनी तिला गणिती रूप दिले. पिशवीत अर्धा किलो भाजी असताना आणखी ५० ग्रॅम टाकले तर हाताला कळते. दहा किलोच्या पिशवीत तेवढीच भर पडली तर कळत नाही. इंद्रियांना निरपेक्ष आकड्यापेक्षा प्रमाण कळते. माहितीशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मोजपट्टीच मुळात बदलती आहे, आणि हा शोध जवळपास दोनशे वर्षे टिकून आहे.

अवधानाची अरुंद वाट

शरीराच्या चाळणीतून सुटलेल्या माहितीपुढे दुसरी अडचण असते अवधानाची. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे वाजवली आणि एका कानातले शब्द सोबत मोठ्याने म्हणायला सांगितले. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा होता की बाईचा, हे लोकांना सांगता आले. तिथली भाषा मध्येच इंग्रजीची जर्मन झाली, हे मात्र कित्येकांच्या ध्यानात आले नाही. १९५८ मध्ये डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी यावरून निष्कर्ष काढला की अर्थ लागण्याआधीच माहिती अडवली जाते. पण पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे नाव पेरले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांनी ते टिपले. दार पुरते बंद असते तर नाव आत शिरलेच नसते. त्यामुळे अॅन ट्रीझमन यांनी १९६० च्या दशकात दुरुस्ती सुचवली, की दुर्लक्षित माहिती पूर्ण थांबत नाही, ती क्षीण होऊन पुढे जाते आणि ओळखीचे, महत्त्वाचे शब्द तेवढ्यावरही जागे होतात. तपशिलांचे वाद नंतरही झाले, पण आजवरच्या चर्चेचा पाया हाच राहिला.

डोळ्यांच्या बाबतीत हाच मुद्दा १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांच्या प्रयोगाने घरोघरी पोचवला. चेंडूच्या फेका मोजण्यात गुंतलेल्या जवळपास निम्म्या प्रेक्षकांना चित्रफितीतून चालत गेलेला, छाती बडवून गेलेला गोरिला दिसलाच नाही. हा विद्यार्थ्यांवरचा गमतीचा खेळ म्हणून कुणी सोडून देऊ नये. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचे चित्र घुसडले होते, आणि ते सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते. २० तज्ज्ञांना ते दिसले नाही. नजरेचा मागोवा घेतला तेव्हा कळले की त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या जागेवरून गेली होती. डोळ्यांनी आपले काम केले होते, पण शोध दुसऱ्याच गोष्टीचा चालला होता.

एका वेळी एकच, हा सिद्धांत आपल्याकडच्या न्यायदर्शनात फार जुना आहे. पाचही इंद्रिये आपापल्या विषयाला भिडलेली असतानाही सगळी ज्ञाने एकदम होत नाहीत, म्हणून इंद्रियांखेरीज ‘मन’ नावाचे अणुमात्र साधन मानले पाहिजे, असा नैयायिकांचा युक्तिवाद. यावर आक्षेपही चटपटीत होता. लांबलचक कुरकुरीत शष्कुली, म्हणजे तळणीतला एक खाद्यपदार्थ, खाताना रूप, रस, गंध, स्पर्श आणि कुरकुर एकदमच जाणवतात की! विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त त्याला उत्तर आहे. कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या चळतीतून सुई आरपार गेली की सगळ्या एकदम टोचल्यासारख्या वाटतात, पण टोचल्या जातात एकामागून एक. मनही तसेच अतिवेगाने इंद्रियांवरून फिरते. आधुनिक मानसशास्त्रात १९५२ मध्ये अॅलन वेलफर्ड यांनी आधीच्या प्रयोगांच्या आधारे नेमक्या याच पेचाचा सिद्धांत मांडला. दोन खुणांना पाठोपाठ प्रतिसाद द्यायचा असला की दुसरा प्रतिसाद रेंगाळतो, जणू पहिला आटोपेपर्यंत तो रांगेत उभा असतो. यावरून आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते अशी आरोळी ठोकण्याची गरज नाही. नैयायिकांनी मोजमाप केले नव्हते, आणि संवेदना एकत्र येण्याबद्दल ते कुठे कमी पडले हे पुढे येईलच. पण प्रश्न त्यांनी अचूक पकडला होता.

उरलेले मेंदू भरून काढतो

एका कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे साधारण दहा सेंटिमीटरवर ठळक टिंब काढा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फुलीकडे एकटक पाहत कागद पुढे-मागे करा. दीड वीत अंतराच्या आसपास टिंब गायब होते. दृष्टिचेता ज्या जागेतून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिऑत यांनी १६६० च्या दशकात शोधला. खरी गंमत पुढे आहे. टिंबाच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. आता टिंबातून जाणारी सरळ रेघ ओढा आणि पुन्हा पाहा. टिंब नाहीसे होते, रेघ मात्र अखंड राहते. जिथून काहीच माहिती येत नाही तिथे मेंदूने आजूबाजूचा कागद आणि रेघ पसरून टाकली, आणि ही भर कुठली आणि अस्सल माल कुठला हे सांगणारी खूण कुठेही ठेवली नाही. जन्मभर एक मोठे छिद्र घेऊन वावरत असूनही आपल्याला त्याचा पत्ता नसतो, तो या बेमालूम रफूमुळे.

हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्ये पूर्ण केलेल्या दृष्टिविषयक ग्रंथात या प्रकाराची उपपत्ती मांडली : पाहणे हे नकळत केलेले अनुमान असते. इंद्रियांकडून येणारा पुरावा अपुरा आणि संदिग्ध असतो, आणि त्यातून सर्वांत संभवनीय अर्थ मेंदू काढतो. बराच काळ ही कल्पना मुख्यतः तत्त्वचर्चेपुरती राहिली. १९९९ मध्ये राजेश राव आणि डाना बॅलर्ड यांनी तिला गणनेचे प्रारूप दिले. मेंदूचे वरचे थर खालच्या थरांकडे अंदाज पाठवतात आणि खालून वर जाते ती मुख्यतः चूक, म्हणजे अंदाज आणि वस्तुस्थिती यांतला फरक. शरीररचनेतही याला जागा दिसते. डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदूत ज्या थांब्यावर उतरते, तिथे दृष्टिपटलाकडून आलेल्या जोडण्यांपेक्षा मेंदूच्या इतर भागांतून आलेल्या जोडण्या कितीतरी जास्त आहेत. मेंदूचे प्रत्येक काम याच एका सूत्रात बसवण्याचा उत्साह सध्या जोरात आहे. तो जपूनच घ्यावा, कारण सगळ्याचे स्पष्टीकरण देणारा सिद्धांत चुकीचा ठरवणे अवघड होऊन बसते. पण पाहण्यात पूर्वगृहीत अंदाजाचा वाटा मोठा आहे, इतपत गोष्ट आता पक्की झाली आहे.

अंदाज माणसागणिक वेगळा असला तर काय होते, हे फेब्रुवारी २०१५ मध्ये जगाने मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. एका पोशाखाचा फोटो कुणाला निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी. एकाच घरात, एकाच पडद्यासमोर भांडणे झाली. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळा होता. फोटोतला उजेड कुठला याचा मेंदूने जो समज करून घेतला, त्यानुसार त्याने रंगातून उजेडाचा वाटा वजा केला. पास्कल वॉलिश यांनी २०१७ मध्ये हजारो लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत पहाटे उठणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याचे प्रमाण उशिरा झोपणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. ज्याने आयुष्य दिवसाच्या उजेडात जास्त काढले त्याचा समज एक, आणि दिव्याच्या उजेडात काढले त्याचा दुसरा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

एका इंद्रियाचे काम दुसऱ्यात

पाच इंद्रिये म्हणजे पाच स्वतंत्र खाती, ही शाळेतली समजूत अॅरिस्टॉटलपासून चालत आली आहे. प्रयोगशाळेत ती टिकत नाही. १९७६ मध्ये हॅरी मॅक्गर्क आणि जॉन मॅक्डॉनल्ड यांनी ‘बा’ असा आवाज आणि ‘गा’ म्हणणारे ओठ एकत्र दाखवले, तेव्हा अनेकांना तिसरेच, ‘डा’सारखे काहीतरी ऐकू आले. हा परिणाम माणसागणिक खूप कमी-जास्त होतो हे नंतर स्पष्ट झाले, पण तो आहे. उलटही घडते. २००० मध्ये लादन शम्स आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाचा एकच झबका दाखवताना दोन टिचक्या ऐकवल्या, आणि पाहणाऱ्यांना झबके दोन दिसले.

कोणते इंद्रिय कुणावर मात करते, याचा नियम २००२ मध्ये मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी शोधला. एखाद्या उंचवट्याची उंची डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून सांगायची होती. दृश्य स्पष्ट असले की लोक डोळ्यांचे ऐकत. ते मुद्दाम धूसर केले की स्पर्शाचा भाव वधारत असे. ज्या साक्षीदारात गोंधळ कमी, त्याच्या शब्दाला वजन जास्त, आणि हे वजन संख्याशास्त्राने काढलेल्या सर्वोत्तम उत्तराच्या जवळ जाणारे होते. नैयायिकांचे मन पाकळ्यांतून एकेक करून जाते. इथे मात्र दोन इंद्रियांची साक्ष एकाच निवाड्यात मिसळलेली दिसते. कृतीच्या निवडीत रांग आहे, संवेदनांच्या जुळणीत ती नाही, असा आजचा समतोल सांगता येईल.

या मिसळणीची रोजची प्रयोगशाळा म्हणजे आपले ताट. ठेचा जिभेला लागताच तोंड ‘भाजते’, हा शब्दशः खरा अनुभव आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्साइसिनला प्रतिसाद देणारा ग्राहक ओळखला, आणि तो निघाला सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या दाहक उष्णतेला जागा होणारा ग्राहक. तिखट ही जिभेच्या रुचिकलिकांची चव नाही, उष्णतेच्या वेदनेची तार मिरचीने छेडलेली असते. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर विभागून मिळाले. ताटाच्या बाहेरची माहितीही चवीत शिरते. बोर्दोमध्ये जिल मोरो आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या वाइनला बिनचवीचा लाल रंग दिला, तेव्हा ५४ जणांनी तिचे वर्णन करताना लाल वाइनला लावतात ती विशेषणे वापरली. हा अभ्यास २००१ चा. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी मास्सिमिलियानो झाम्पिनी यांच्यासह बटाट्याच्या चिप्स चावण्याचा आवाज हेडफोनमधून वाढवून ऐकवला, तर त्याच चिप्स अधिक ताज्या आणि कुरकुरीत वाटल्या. शष्कुलीचा आक्षेप घेणाऱ्याला हा प्रयोग नक्की आवडला असता.

बघायला शिकावे लागते

जन्मांध माणसाने घन आणि गोल हाताने ओळखायला शिकले, आणि मग त्याला दृष्टी मिळाली, तर तो स्पर्श न करता दोन्ही ओळखील का? विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना विचारलेल्या या प्रश्नाला तीनशेवर वर्षे नीटसे उत्तर नव्हते. ते भारतात मिळाले. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने जन्मजात मोतीबिंदू असलेल्या, पण वेळेवर शस्त्रक्रिया न झालेल्या मुलांवर दिल्लीच्या डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये उपचार केले आणि त्यांच्या संमतीने त्यांचे पाहणे अभ्यासले. २०११ मध्ये पाच मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्टी निघाल्यावर लगेच, पाहिलेली वस्तू पुन्हा पाहून ओळखणे त्यांना छान जमत होते. हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने ओळखणे मात्र नाणेफेकीपेक्षा फारसे बरे नव्हते. तरी काही दिवसांतच, कुणी मुद्दाम न शिकवता, ते जमू लागले. म्हणजे जुळणी जन्मतः तयार नसते, पण ती घडवण्याची क्षमता आश्चर्यकारक वेगाने काम करते.

हा निकाल एका जुन्या निष्कर्षालाही मुरड घालतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीसेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीच्या काळात बंद ठेवला, तर पुढे तो उघडूनही त्या डोळ्याची मेंदूतली जागा हातची गेलेली आढळली. १९८१ च्या नोबेलमागे हेही काम होते. लहान मुलाचा ‘आळशी डोळा’ लवकर पकडावा असे नेत्रतज्ज्ञ बजावतात ते यामुळेच. ‘प्रकाश’च्या मुलांची दृष्टी पूर्ण सुधारली नाही, पण उशीर झाला तरी सगळे संपत नाही, एवढे त्यांनी दाखवून दिले.

कानाचे शिकणे तर पाळण्यातच उरकते. कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले दंत्य आणि मूर्धन्य वर्ण, म्हणजे आपले त आणि ट, ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईतो ही क्षमता जवळपास नाहीशी झाली होती. मराठी घरातल्या बाळाची ती शाबूत राहते, कारण ‘ताई’ आणि ‘टाळी’ दोन्ही त्याच्या कानांवर सतत पडत असतात. भाषा शिकणे म्हणजे काही फरक ऐकू न येण्याची सवय लावून घेणे, असाही त्याचा अर्थ होतो.

संस्कृतीचा वाटा किती, यावर मात्र चित्र संमिश्र आहे. बाणांची टोके आत किंवा बाहेर वळवल्याने सारख्याच दोन रेघा लहान-मोठ्या दिसण्याचा म्युलर-लायर भ्रम सगळीकडे सारखा आढळत नाही, असे मार्शल सेगल आणि सहकाऱ्यांनी १९६६ च्या ग्रंथात दाखवले. कलहारीतल्या सान लोकांवर तो जवळजवळ परिणामच करत नव्हता. काटकोनी खोल्यांत राहून डोळ्याला ही सवय लागते, हे स्पष्टीकरण मग पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. पण २०१५ मध्ये ‘प्रकाश’मधल्या नऊ मुलांना दृष्टी येताच हा भ्रम झाला. खोल्यांचे कोपरे पाहण्याची सवय लागायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. सवयीचा सिद्धांत त्यामुळे अडचणीत आला आहे. गंधाच्या बाबतीत संस्कृतीचा पुरावा अधिक भक्कम आहे. मलय द्वीपकल्पातले जहाय लोक वासांची नावे रंगांइतक्याच सहज आणि एकमताने सांगतात, इंग्रजी भाषकांना ते जमत नाही, असे असिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवले. कुबट, खवट, करपट असे वास चट्‌कन वेगळे करणाऱ्या मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये.

गाजलेले, पण गळालेले

आता दुसरी बाजू. १९४७ मध्ये जेरोम ब्रूनर आणि सेसिल गुडमन यांनी मुलांना नाण्यांच्या आकाराचे प्रकाशवर्तुळ जुळवायला सांगितले. गरीब मुलांनी नाणी श्रीमंत मुलांपेक्षा अधिक मोठी दाखवली. इच्छा आणि गरज पाहण्यालाच आकार देतात, हा विचार त्यानंतर पसरत गेला. पाठीवर ओझे असले की चढ अधिक उभा दिसतो, अशा छापाचे शेकडो निष्कर्ष पुढे आले. २०१६ मध्ये चाझ फायरस्टोन आणि ब्रायन शॉल यांनी या ढिगाची झाडाझडती घेतली. प्रयोगाचा हेतू ओळखून दिलेली उत्तरे, स्मरणातली गफलत, दिसणे आणि मत देणे यांची सरमिसळ अशा कारणांनी त्यांतले बहुतेक दावे डळमळीत आहेत, असे त्यांचे म्हणणे. सगळ्यांना ते मान्य नाही. पण मनात आहे ते डोळ्यांना दिसते, हे सरसकट विधान आता जबाबदारीने करता येत नाही.

२००८ मध्ये एका अभ्यासाने सांगितले की हातात गरम कॉफीचा कप असला की समोरचा माणूस अधिक ‘उबदार’ स्वभावाचा वाटतो. वर्तमानपत्रांना हे फार भावले. मोठ्या संख्येने लोक घेऊन प्रयोग पुन्हा केले तेव्हा परिणाम सापडला नाही.

आणि सर्वांत चिवट दावा म्हणजे शिकण्याच्या शैलींचा. कुणी पाहून शिकणारे, कुणी ऐकून, कुणी करून, म्हणून शिकवणेही तसे वेगवेगळे हवे. शिक्षक प्रशिक्षणात आणि पालकांच्या मेळाव्यांत हे आजही ठामपणे सांगितले जाते. हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला. दावा खरा असेल, तर ‘दृश्य’ मुलाला चित्राने आणि ‘श्राव्य’ मुलाला ऐकवून शिकवल्यावर दोघेही उलट पद्धतीपेक्षा जास्त शिकले पाहिजेत. असे नीट दाखवणारे अभ्यास जवळपास नव्हतेच, आणि जे नेटके होते त्यांतले काही दाव्याच्या विरुद्ध गेले. मुलांना आवडीनिवडी असतात, क्षमताही कमी-जास्त असतात. पण भूगोलाला नकाशा सगळ्यांनाच लागतो आणि कवितेची चाल सगळ्यांनाच ऐकावी लागते. माध्यम विषयाकडे पाहून निवडावे, मुलाच्या शिक्क्याकडे पाहून नव्हे.

व्यवहारात उपयोग कशाचा

जे टिकले ते दिसायला साधे आहे, पण उपयोग त्याचाच होतो. १९८४ मध्ये बेल लॅब्जमधल्या विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी तपासले की आलेखातून माणूस आकडा कितपत अचूक वाचतो. एकाच पट्टीवरचे स्थान सर्वांत अचूक वाचले जाते, त्याखालोखाल लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ. निवडणुकीच्या रात्री वाहिन्यांवर फिरणारी त्रिमितीय वर्तुळे डोळ्यांना भुरळ घालतात आणि आकड्यांचा विचका करतात, ते या क्रमामुळे. साधे स्तंभ काढले तर कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

वर्गातही तसेच. जॉन स्वेलर आणि रिचर्ड मेयर यांच्या संशोधनाचा गाभा असा, की आकृती डोळ्यांनी आणि स्पष्टीकरण कानांनी आले तर दोन्ही वाटा कामी येतात. पडद्यावरचा मजकूर शिक्षक जसाच्या तसा वाचू लागला, की दोन्ही वाटांवर एकच माल येतो आणि मेंदूचा वेळ पडताळण्यात जातो. वाचनाच्या माध्यमाबाबत २०१८ मध्ये पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष काढला. माहितीपर मजकूर, त्यातही वेळेची मर्यादा असताना, पडद्यापेक्षा कागदावर थोडा अधिक समजतो. कथा-कादंबरीत फरक दिसला नाही. फरक लहान आहे, पण अभ्यासक्रम सरसकट टॅबवर नेणाऱ्यांनी तो लक्षात घ्यायला हवा.

रस्त्यावर अवधानाची अरुंद वाट जीव घेते. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये दाखवले की फोनवर बोलताना चालकाकडून सिग्नल अधिक सुटतात, मग फोन हातात असो वा हँड्सफ्री. नुसता रेडिओ ऐकल्याने तसे होत नव्हते. अडचण हात गुंतल्याची नसून संभाषणात गुंतल्याची होती, म्हणून कानात इअरफोन घालून केलेली सोय सुरक्षिततेची खात्री देत नाही.

आणि न्यायालयात? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अपघाताची चित्रफीत दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या ‘आदळल्या’ असे म्हटले की अंदाज ताशी ४०.८ मैलांचा आला, एकमेकींना नुसत्या ‘लागल्या’ म्हटले की ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, काचा फुटलेल्या दिसल्या का? ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेल्या काचा नव्हत्याच. मेंदू रेघ भरतो तशीच आठवणही भरतो, आणि तीवरही भरल्याची खूण नसते. आपल्याकडे ओळख परेड हा स्वतंत्र, ठोस पुरावा मानला जात नाही, ती न्यायालयातल्या साक्षीला दुजोरा देण्यापुरती असते. हा जुना कायदेशीर सावधपणा प्रयोगांच्या कसोटीवर शहाणपणाचा ठरतो.

या सगळ्यातून ‘इंद्रियांवर विश्वास ठेवू नका’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो निरुपयोगी आहे. गाळणे आणि भरणे थांबवले तर १०० कोटी बिटांच्या माऱ्याखाली रस्ता ओलांडणेही जमणार नाही. इंद्रिये बहुतेक वेळा चोख काम करतात. त्यांच्या चुका ठराविक जागी आणि ठराविक तऱ्हेने होतात, आणि नुसत्या सावधपणाने त्या टळत नाहीत. अंधबिंदू माहीत झाला म्हणून दिसायला लागत नाही. म्हणून उपाय माणसाच्या बाहेर ठेवावे लागतात : स्कॅन दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे पाहणे, साक्षीदाराला न सुचवता प्रश्न विचारणे, आलेख स्तंभांचा ठेवणे, गाडी चालू असताना फोन बंद ठेवणे.

आणि शाळेपुरता प्राधान्यक्रमही बदलावा लागतो. मूल ‘दृश्य’ प्रकारचे की ‘श्राव्य’ प्रकारचे, हे ठरवणाऱ्या चाचण्यांवर पैसा आणि उत्साह खर्च होत असताना त्याला मागच्या बाकावरून फळा दिसतो का आणि बाईंचे बोलणे ऐकू येते का, हे तपासायचे राहून जाते. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांच्या तपासणीत जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिदोष आणि श्रवणदोष यांचा समावेश आहे. शैलीच्या शिक्क्याने एकाही मुलाला जास्त दिसू लागल्याचा पुरावा नाही. वेळेत मिळालेल्या चष्म्याने, श्रवणयंत्राने आणि शस्त्रक्रियेने मेंदूपर्यंत पोचणारी माहितीच बदलते, आणि लहान वयात ती बदलली तर मेंदूही बदलतो.